पाय कुठल्या होडीवर होते

माझ्या बहिणीचा, तेजलचा, नवरा धम्मदीप तांबे डावखुरा आहे हे लग्नानंतर बरेच दिवस आमच्या घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो लिहायचा उजव्या हाताने, जेवायचा उजव्या हाताने. शाळेत गुरुजींनी छडी मारून मारून त्याला तसं वळण लावलं होतं. पण कोयता धरायचा झाला, दोरीला गाठ मारायची झाली, झाडावरचा आंबा दगडाने पाडायचा झाला, की डावा हात आपसूक पुढे यायचा. तेजल हसून म्हणायची, "ह्यांचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत."

त्याचं गाव हातखंब्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. तिथल्या माणसांचा समुद्राशी संबंध म्हणजे महामार्गावरून मासळीची गाडी गेली की येणारा वास, एवढाच. धम्मदीपही गावातल्या सगळ्या पोरांसारखा आधी मुंबईला गेला. भांडुपला एका कारखान्यात पॅकिंगला होता. तो कारखाना गुजरातेत हलला आणि हा परत आला. घरी आई सीता, तेजल आणि लहान मुलगी. भाताची दोन कुणगी, म्हणजे लहानशी खाचरं, त्यात चौघांचं वर्ष निघत नाही. हातखंब्याच्या नाक्यावर मासळीच्या गाडीचा एक चालक ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, मिरकरवाड्याच्या बंदरात खलाशी पाहिजेत. धम्मदीपला पोहताही येत नव्हतं. तरी गेला.

होडी होती हरिश्चंद्र नाटेकर यांची. तिचं नाव 'कमळजा'. बंदरात सगळे त्यांना हरिशेठ म्हणतात. होडीवर तांडेल होता बाबल्या. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. पहिले काही दिवस धम्मदीप नुसता ओकत होता. बाबल्याने त्याला शिकवलं, "होडी हलते तसं आपण हलायचं. तिच्याशी भांडायचं नाय." पुढे पुढे त्याला ते जमलं. दोर हाताळण्यात तर तो तरबेज झाला. डाव्या हाताची गाठ उलटी पडते, ती इतरांना सुटायची नाही. मग बाबल्या त्यालाच हाक मारायचा.

त्याला अपघात झाला तो गणपती झाल्यावर, जयगडच्या समोर. सकाळची वेळ होती, बांगडा चांगला लागला होता. तेवढ्यात वायरलेसवर विनीत सुर्वेच्या 'जलराणी'वरून निरोप आला की आमचं इंजिन बंद पडलंय, ओढून न्या. विनीत हा तरुण मालक, स्वतः समुद्रात जात नाही. त्याच्या होडीवरची माणसं नवीन होती. 'कमळजा' जवळ गेली. दोर टाकला, पण तिकडे तो कोणाला नीट बांधता येईना. बाबल्या म्हणाला, "धम्या, जा. बांधून ये."

धम्मदीप उडी मारून 'जलराणी'वर गेला. दोर बांधला. परत येताना लाटेने दोन्ही होड्या एकदम जवळ आल्या, काठाला काठ भिडला आणि मध्ये त्याचा डावा हात सापडला.

एवढं सगळ्यांना मान्य आहे. नेमका तेव्हा तो कुठल्या होडीवर होता, ते कोणालाच नीट सांगता येत नाही.

बाबल्याने मिळालेली मासळी, जाळं, 'जलराणी', सगळं तसंच सोडून होडी बंदराकडे घेतली. 'जलराणी'ला दुसऱ्या कोणीतरी मागाहून आणलं. हरिशेठ धक्क्यावर गाडी घेऊन उभे होते. रत्नागिरीतून कोल्हापूरला नेलं. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तिन्ही बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर धम्मदीपने पहिला प्रश्न विचारला तो असा, "मासळी उतरवली काय?" मी शेजारी होतो. मी "हो" म्हटलं. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

दवाखान्याचं सगळं हरिशेठनी केलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात परत आल्यावर त्यांच्या घरून रोज पेज यायची. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "डावा हात गेला तो बरा. उजवा असता तर काय केलं असतंस?" धम्मदीप मान हलवायचा. घरी आल्यावर त्याने कोयता उजव्या हातात धरून बघितला आणि ठेवून दिला.

मी पंचायत समितीत कारकून. म्हणून घरात सगळ्यांचं ठरलं, दादाला कायदा कळतो. मला कायद्याचं काही कळत नाही. मला घरपट्टीतलं कळतं. पण भाचीकडे बघून नाही म्हणता येईना, आणि मी त्या भानगडीत पडलो.

पहिल्यांदा सगळं सोपं वाटलं होतं. हरिशेठनी खलाशांचा विमा उतरवला होता. ते म्हणाले, "काळजी करू नको. कंपनी देईल." कंपनीचा माणूस चौकशीला आला. तो आधी भेटला बाबल्याला. बाबल्याने छातीठोक सांगितलं, "आमच्या होडीवर काय झालेलं नाय. तो तेव्हा जलराणीवर होता."

बाबल्याला वाटलं, आपण शेठला वाचवलं. होडीवर काही झालं तर आपल्या होडीवर झालं असं बोलायचं नाही, हेच तो जन्मभर शिकला होता. पण कंपनीची अट अशी होती की माणूस विमा उतरवलेल्या होडीवर असला पाहिजे. कंपनीने हात वर केले. मी विनीतकडे गेलो. तो चहा पाजून म्हणाला, "दादा, मला वाईट वाटतंय. पण तो माझा माणूस नव्हे. आणि माझी पोरं सांगतात, तो परत उडी मारून गेला होता. हात सापडला तो कमळजाच्या बाजूने."

म्हणजे 'कमळजा'वरचे म्हणत होते तो 'जलराणी'वर होता, आणि 'जलराणी'वरचे म्हणत होते तो 'कमळजा'वर होता. मी तेजलच्या घरी गेलो आणि धम्मदीपला विचारलं, "तू कुठे होतास?"

तो आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "दादा, मी हाताकडे बघत होतो. पायाकडे कोण बघतो?"

आम्ही रसिका वकिलांकडे गेलो. मध्यम वयाच्या, भराभर बोलणाऱ्या बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भरपाईचा दावा लावू. नाटेकर, सुर्वे आणि विमा कंपनी, तिघांवर. कोणी द्यायचं ते कोर्ट ठरवेल."

धम्मदीपचा चेहरा उतरला. "हरिशेठवर केस? मॅडम, त्यांच्या घरची पेज खाल्ली मी."

"त्यांच्यावर राग म्हणून नाही हो. कामावर असताना माणूस जखमी झाला तर मालकाने भरपाई द्यायची, असा कायदा आहे. त्यांनी पेज दिली म्हणून तो रद्द होत नाही."

"पण मग ते चांगले, की वाईट?"

रसिकाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्या टेबलावरच्या फायलींकडे.

त्याच आठवड्यात हरिशेठ स्वतः घरी आले. आम्हाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ते ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "धम्या, केस टाक. बिनधास्त टाक. मी काय मनात धरणार नाय. फक्त एक कर, कोर्टात सांग की पाय कमळजावर होते. कंपनी देईल, तुझं होईल, माझंही निभेल."

"पण बाबल्याने तर..."

"बाबल्या गाढव हाय. तो आता फिरवील शब्द. तू फक्त सांग."

ते गेल्यावर सीताआई म्हणाली, "भला माणूस. सांग की त्याला पाहिजे ता. तुझं काय जातंय?" तेजलने मात्र विचारलं, "पण होते काय पाय कमळजावर?" धम्मदीप म्हणाला, "असतील."

रसिकाबाईंना मी हे कानावर घातलं. त्यांनी लगेच हात वर केला. "मला सांगू नका. मी कोणाला पढवत नाही. आठवतं ते सांगा, एवढंच."

आठवतं ते सांगा, हे त्यांना सोपं होतं. धम्मदीपला काय आठवत होतं? ओल्या फळीवर पडलेले बांगड्याचे खवले. बाबल्याची हाक. 'जलराणी'च्या काठाला लागलेला निळा रंग. मग 'कमळजा'चा काठही निळाच आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून आणखी गोंधळ झाला.

एका रविवारी मी गेलो तर अंगणात दोन बाकं समोरासमोर ठेवलेली. तेजल एकावर उभी होती, धम्मदीप दुसऱ्यावर.

"हे काय चाललंय?"

"मी ह्यांना आठवायला मदत करत्ये," ती म्हणाली. "हे बाक कमळजा. ते जलराणी. आता या इकडे."

धम्मदीप एक पाय उचलून अलीकडच्या बाकावर ठेवायचा, डावा हात पुढे करायचा आणि थांबायचा. "असंच होतं," तो म्हणाला. मग मागे जाऊन पुन्हा. "नाय, असं नाय. हात आधी आला, पाय मागाहून." पुन्हा एकदा. या वेळी बाक कलंडलं आणि तो अंगणात बसला. त्यांची मुलगी हसायला लागली, तेजलही हसली, आणि मग तोंडावर पदर धरून आत निघून गेली. मी बाकं उचलून ओटीवर ठेवली.

धम्मदीप मला म्हणाला, "दादा, गंमत सांगतो. रोज केलं की रोज नवीन आठवतं. पहिल्या दिवशी आठवलं, दोन्ही पाय जलराणीवर. काल आठवलं, एक इकडे एक तिकडे. आता हरिशेठ आले की मला अगदी स्पष्ट दिसतं, दोन्ही पाय कमळजावर, पायात निळी चप्पल. पण होडीवर मी चप्पल कधी घातलीच नाय."

साक्षीचा दिवस पावसाचा होता. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे एकाच बाकावर बसलो होतो, म्हणजे मी, धम्मदीप, हरिशेठ आणि बाबल्या. ज्याच्यावर दावा लावला त्यानेच आमच्यासाठी वडापाव आणला होता. बाबल्या वर बघत नव्हता. त्याला आता शब्द फिरवायचा होता, आणि तो होडीवर जितका पक्का तितका तिथे कच्चा. तो सारखा पुटपुटत होता, "कमळजा, कमळजा."

रसिकाबाईंनी धम्मदीपला साधे प्रश्न विचारले. कोणाकडे कामाला होता, दोर बांधायला कोणी पाठवलं, हाताने आता काय होतं, काय होत नाही. ते त्याने नीट सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. वयस्कर, शांत आवाजाचे गृहस्थ.

"तुम्ही सही कोणत्या हाताने करता?"

"उजव्या."

"जेवता कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"म्हणजे तुमचा कामाचा हात उजवा. तो शाबूत आहे."

"नाय साहेब. कामाचा हात डावा."

"आत्ताच तुम्ही म्हणालात उजवा."

"लिहायचा उजवा. कामाचा डावा. गुरुजींनी मारून..." तो थांबला. ते कसं सांगावं ते त्याला कळेना. "म्हणजे साहेब, मी डावखुराच आहे, पण लहानपणी मला उजवा केला."

कोर्टात दोघं-तिघं हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

मग वकिलांनी तो प्रश्न विचारला. "हात सापडला तेव्हा तुमचे पाय कोणत्या होडीवर होते?"

हरिशेठ पुढे सरकून बसले. धम्मदीपने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणेल कमळजा आणि मोकळा होईल. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मग अगदी हळू म्हणाला,

"कमळजावर होते असं मला आता आठवतं. पण साहेब, हे मला आठवतंय, की सगळ्यांनी सांगून सांगून आठवायला लागलंय, ते मला सांगता येत नाय. सुरुवातीला काहीच आठवत नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"माहीत नाय, असंही नाय म्हणता येत. पण माहीत हाय असं शपथेवर नाय म्हणता येत."

वकील खाली बसले. त्यांना पुढे काही विचारायची गरजच उरली नव्हती. रसिकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बाबल्याची साक्ष मागाहून झाली. त्याने "कमळजा" म्हटलं, पण आधी कंपनीला दिलेला जबाब त्याला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "तेही मीच बोललो." सारंच तिथे संपलं.

बाहेर आल्यावर हरिशेठ छत्री उघडून निघून गेले. धम्मदीप मला विचारत होता, "दादा, मी चुकलो काय?" मी म्हटलं, "नाही." मग एसटीत बसल्यावर मला वाटायला लागलं, हो म्हणायला हवं होतं. घरी पोचेपर्यंत पुन्हा वाटलं, नाही.

निकाल लागला उन्हाळ्यात. आम्ही धरून चाललो होतो की दावा गेला. पण न्यायाधीशांनी म्हटलं होतं की पाय कुठे होते हा मुद्दा भरपाईसाठी महत्त्वाचाच नाही. माणूस 'कमळजा'च्या नोकरीत होता, 'कमळजा'च्या तांडेलाच्या हुकमावरून गेला होता आणि तेच काम करून परत येत होता. म्हणून भरपाई हरिश्चंद्र नाटेकरांनी द्यायची. विनीत सुटला. कंपनीही सुटली, कारण तिच्या अटीत होडीवर असणं होतं आणि ते सिद्ध झालं नव्हतं. डाव्या हाताबद्दल लिहिलं होतं की अर्जदाराचं कामाचा हात डावा असल्याचं म्हणणं विश्वासार्ह वाटतं.

रसिकाबाई खूश होत्या. "जिंकलात तुम्ही."

"आणि हरिशेठ?"

"ते हरले."

धम्मदीप कोर्टाच्या जिन्यावरच बसला. ज्याच्याकडून काही मिळावं असं त्याला वाटत नव्हतं, नेमकं त्याच्याकडूनच मिळणार होतं. आणि ज्या कंपनीकडून मिळावं असं सगळ्यांना वाटत होतं, ती त्याच्याच एका वाक्याने सुटली होती. सीताआईला मी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे हा खरं बोलला म्हणून त्या भल्या माणसाला फटका बसला?" मी म्हटलं, "तसंच." मग ती म्हणाली, "आणि खोटं बोलला असता तर?" तेजल चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पण आई, ता खोटं होतं हे तरी कुठं माहीत हाय?"

हरिशेठनी अपील केलं नाही. कोर्टात पैसे भरले. त्यासाठी त्यांनी त्या हंगामात नवीन जाळं घेतलं नाही असं बंदरात ऐकलं. धम्मदीप दोनदा मिरकरवाड्याला त्यांना भेटायला गेला. एकदा ते नव्हते. दुसऱ्यांदा होते, पण हा धक्क्यावरूनच परत आला. मी विचारलं, "का रे?" म्हणाला, "जाऊन काय बोलू? धन्यवाद बोलू, की माफी मागू? दोन्ही एकदम कसं बोलायचं?"

आता तो हातखंब्याजवळच्या पेट्रोल पंपावर कामाला आहे. नळी उजव्या हाताने धरतो, ते त्याला जमतं. अजून कधीकधी टाकीचं झाकण उघडायला डावा हात पुढे जातो आणि अंगठा न् करंगळी झाकणावरून घसरतात. मग तो हात बदलतो.

मागच्या महिन्यात मासळीचा एक पिकअप पंपावर थांबला. पुढच्या सीटवर हरिशेठ बसले होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं. धम्मदीपने नळी लावली. हरिशेठ खाली उतरले, पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"बरा हायस काय?"

"बरा हाय."

"बाबल्या आता सगळ्यांना सांगतो, तू कमळजावरच होतास. मुलांची शपथ घेतो."

"तेव्हा जलराणी बोलला होता."

"तेव्हाही शपथ घेतली असती त्याने." हरिशेठ जरासे हसले. मग हसू थांबलं. "तुला आठवलं काय?"

"काही दिवस आठवतं. काही दिवस नाय."

टाकी भरत आली. धम्मदीपने हिंमत करून विचारलं, "शेठ, माझ्यावर राग हाय?"

हरिशेठनी महामार्गाकडे बघत विचार केला. "राग हाय," ते म्हणाले. "पण तुझ्यावर, की बाबल्यावर, की कंपनीवर, की त्या इंजिनावर, ता अजून माझं ठरलेलं नाय."

त्यांनी पैसे दिले. गाडीतून एक पिशवी काढून पंपाच्या कट्ट्यावर ठेवली आणि निघून गेले.

पिशवीत बांगडे होते. धम्मदीप संध्याकाळी ते घरी घेऊन आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. तेजलने पिशवी उघडून बघितली.

"कशाबद्दल दिले?"

"विचारलं नाय."

ती पाट-विळी घेऊन मागच्या दारी जाऊन बसली. "दादा, तू जेवून जा," तिने तिकडूनच सांगितलं. धम्मदीप तिला पाणी काढून द्यायला उठला.